कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो, आता चाळिशी उलटली, घरसंसार आहे, परत कोर्टवर उतरायचंय तर काय काय करायचं

९० च्या दशकात किंवा २००० च्या आसपास कॉलेजच्या टीमकडून खेळलेले, कोणी इंटर-कॉलेजपर्यंत, कोणी युनिव्हर्सिटीकडून अश्वमेधला, म्हणजे राज्यातल्या युनिव्हर्सिटींच्या स्पर्धेला, जाऊन आलेले, असे खूप जण आपल्या आसपास आहेत आणि आता सगळे होम लोन, मुलांचे क्लासेस, आईवडिलांच्या बीपीच्या गोळ्या ह्यात अडकलेत. मग कधीतरी सोसायटीच्या कोर्टवर पोरं खेळत असतात, बॉल घरंगळत आपल्याकडे येतो, आपण उचलून एक शॉट मारतो, तो नेमका आत जातो आणि जुना किडा परत वळवळायला लागतो. त्या किड्याचं काय करायचं ते लिहितोय. मी कोच नाही, डॉक्टर पण नाही, रविवारी सकाळी चाळिशी-पन्नाशीच्या लोकांबरोबर खेळतो आणि आमच्यात कोणी नवीन आलं की त्याला जे सांगतो तेच इथे टाइप करतोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की तुमच्या हातांना सगळं आठवतंय. ड्रिबल, पासचं टायमिंग, बोर्डवर बॉल कुठे आपटला की आत जातो, हे वीस वर्षांनी पण दोन-चार रविवारात परत येतं, खरंच येतं. पण पोटऱ्या, गुडघे आणि टाचेमागची ती जाड शीर (रक्ताची नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी), जिला डॉक्टर लोक अकिलिस म्हणतात, त्यांना काही आठवत नाही. कॉलेजात ६८ किलो होतात आणि आता ८५ असाल तर प्रत्येक उडीनंतर खाली येताना ते वरचे १७ किलो पण गुडघ्यावर येतात, आणि आपल्याकडची बहुतेक कोर्ट्स काँक्रीटची, लाकडी कोर्ट कोणाच्या नशिबात असतं. तर पहिले दीडेक महिने मॅच खेळायचीच नाही. हे ऐकून सगळे नाक मुरडतात, मुरडा, पण ऐका.

त्या दीड महिन्याच्या पण आधी डॉक्टर. चाळिशीनंतर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी एवढं कराच, आणि घरात वडील, काका, मोठा भाऊ कोणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल किंवा तुम्ही सिगरेट ओढत असाल तर डॉक्टरांना विचारून टीएमटी पण, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हार्टची टेस्ट. आपल्या लोकांना हार्टचा त्रास युरोपवाल्यांपेक्षा लवकर होतो हे आता सगळ्यांनाच माहितीय तरी "मी तर प्लेअर होतो रे" म्हणून टाळतात. अरे, प्लेअर होतास. बास्केटबॉल म्हणजे सारखं पळणं-थांबणं-पळणं, सकाळच्या वॉकची त्याच्याशी बरोबरी होत नाही. खेळताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला की थांबायचं, ॲसिडिटी म्हणून पाणी पिऊन परत उतरायचं नाही. आणि ग्रुपमधल्या निदान दोघांनी सीपीआर, म्हणजे कोणी कोसळून श्वास बंद पडला तर छाती दाबायची पद्धत, शिकून घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल एवढं जोरात दाबायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. एका दुपारचं काम आहे, कोणीतरी ट्रेनर बोलवून सगळ्यांनी मिळून शिकता येतं.

आता पाय. जिन्याच्या पायरीवर पंजे टेकवून उभं राहायचं, टाचा बाहेर हवेत, कठड्याला हात. वर जायचं दोन्ही पायांवर, खाली यायचं एकाच पायावर, आणि अगदी सावकाश, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. असे १५ एका पायाला, तीन वेळा, आधी गुडघा सरळ ठेवून, मग गुडघा थोडा वाकवून परत तेवढेच. गुडघा वाकवला की पोटरीतला आतला स्नायू काम करतो, तो सगळे विसरतात. सुरुवातीला १५ झेपणार नाहीत, ८ करा, दोन्ही पायांवर खाली या, हळूहळू वाढवा. हा व्यायाम टीव्ही बघताना होत नाही, जिन्यात जाऊनच करावा लागतो, शेजारचे विचारतात काय चाललंय, सांगायचं पोटरी करतोय.

एवढं ह्याच्यावर का सांगतोय, तर आमच्या वयात बास्केटबॉल-बॅडमिंटनमध्ये खरा घात ती टाचेमागची शीरच करते. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो, आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतो पण अशा शिरेला महिने लागतात. म्हणून होतं काय की महिनाभर जिम केलेली असते, दम वाढलेला असतो, आपल्याला वाटतं आपण फिट, आणि एका साध्या पहिल्या पावलाला ती तुटते. तुटलेले लोक सगळे एकच सांगतात, मागून कोणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर मागे कोणीच नव्हतं. मग ऑपरेशन किंवा प्लास्टरसारखा तो डॉक्टरी बूट, आणि सहा महिने ते वर्ष गेलं. अमेरिकेचा बास्केटबॉल स्टार कोबी ब्रायंटची तुटली २०१३ मध्ये, ३४ वर्षांचा होता, दिवसरात्र ट्रेनिंग करणारा माणूस. आपण तर दिवसभर खुर्चीत.

पोटरीबरोबर बाजूबाजूला सरकणं, म्हणजे आपली डिफेन्सची शफल, सुरुवातीला चालण्याच्या वेगात. स्क्वॉट्स. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोरीच्या उड्या, छोट्या छोट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या काही पावलांना टाचेमागे कडक वाटलं, दुखलं, तर त्या आठवड्यात उड्या बंद, चालणं आणि पायरीवरचा व्यायाम चालू. सकाळची ती पहिली पावलं खोटं बोलत नाहीत.

शूजबद्दल एक महत्त्वाचं. माळ्यावर जपून ठेवलेले कॉलेजचे शूज काढू नका, म्हणजे काढा, फोटो काढा, ग्रुपवर टाका, पण घालू नका. नुसते पडून पडून आतला फोम सडतो, वरून शूज नव्यासारखा दिसतो आणि पहिल्याच कटला, म्हणजे पळताना झटकन दिशा बदलताना, अख्खा सोल सुटून हातात येतो, आतून पिवळा भुगा पडतो. रनिंगचे शूज पण नकोत, त्यांची टाच उंच आणि मऊ असते, सरळ पळायला मस्त, बाजूला कट मारला की घोटा मुरगळलाच म्हणून समजा. बास्केटबॉलचेच घ्या, डेकॅथलॉनचे टार्मॅक पण चालतात, फार महाग घ्यायची गरज नाही, फक्त बाहेरच्या कोर्टसाठी खालचं रबर जाड आणि टणक बघा. बॉलचं तसंच, काँक्रीटवर रबरचा निविया किंवा कॉस्को, लेदरसारखा मऊ बॉल इनडोअरसाठी, बाहेर महिन्याभरात त्याची सालं निघतात. पुरुषांचा ७ नंबर, बायकांचा ६.

शूटिंग एकट्याने सुरू करा, सकाळी कोर्ट रिकामं असताना, आणि रिंगच्या अगदी जवळून. एका हाताने, बोर्ड न वापरता, मनगट पूर्ण सोडून. तिथून सलग काही गेले की एक पाऊल मागे. बहुतेक जण काय करतात, आल्या आल्या थ्री पॉइंटच्या लाईनवर उभे राहतात आणि बॉल रिंगला पण लागत नाही, मग वाटतं आपण संपलो. त्यात तुमची पूर्ण चूक नाहीये कारण लाईन खरंच मागे गेलीय! आपण खेळायचो तेव्हा ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, ६.७५ केली, अर्धा मीटर म्हणजे कमी नाही. फ्री थ्रोची लाईन तीच आहे, बोर्डापासून ४.६० मीटर, तिच्यावर भरवसा ठेवा, तीच तुमची मोजपट्टी. सोसायटीच्या रिंगची उंची मात्र एकदा टेपने मोजून घ्या, ३.०५ मीटर हवी, बिल्डर लोक अंदाजपंचे लावतात, आणि मग तुम्ही चुकीच्या उंचीवर महिनाभर शॉट घोटवत बसता.

लाईनवरून आठवलं, नियम बरेच बदललेत आणि ते माहीत नसतील तर पोरांशी विनाकारण वाद होतात. आपल्या वेळी २० मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि ३० सेकंदांत शॉट मारायचा, ते २००० मध्ये गेलं, आता १० मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंद, आणि बॉल १० ऐवजी ८ सेकंदांत पुढच्या अर्ध्यात न्यायचा. रिंगखालची डी खाली पसरट होत जायची ना, ती पण २०१० मध्ये चौकोनी झाली. अटॅकिंग रिबाऊंड घेतला, म्हणजे आपलाच हुकलेला शॉट परत आपणच पकडला, आणि बॉल रिंगला लागलेला असेल तर पूर्ण २४ मिळत नाहीत, १४ मिळतात, हे २०१४ पासून. आणि सगळ्यात जास्त भांडणं ज्याच्यावरून होतात ते म्हणजे ट्रॅव्हल, बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं. पळता पळता बॉल पकडताना जो पाय जमिनीवर असतो तो आता मोजत नाहीत, त्याच्यानंतर दोन पावलं मिळतात, २०१७ पासून असं आहे. आपण "ए ट्रॅव्हल!" ओरडतो, पोरं आपल्याकडे बघून हसतात, आणि पोरं बरोबर असतात. मला स्वतःला हा नियम अजिबात आवडत नाही, पण आहे.

दीड महिना झाला, सकाळची पावलं ठीक आहेत, आता खेळा. पण हाफ कोर्ट. थ्री ऑन थ्री आता ऑलिंपिकमध्ये पण आहे, टोकियोपासून, त्यामुळे पोरांसमोर म्हातारपणाचा खेळ म्हणून लाज वाटायचं कारण नाही. खऱ्या नियमात १२ सेकंदांत शॉट, आतून एक पॉइंट, लाईनबाहेरून दोन, २१ झाले की किंवा १० मिनिटं झाली की संपलं. आपण १२ सेकंद मोजायचे नाहीत, जीव जाईल. २१ पर्यंत खेळायचं, मग एक गेम बसायचं, बसणं कंपल्सरी, "मी ठीक आहे" म्हणाला तरी. वॉर्मअप दहा-पंधरा मिनिटं, आणि घरून चालत आलो हा वॉर्मअप धरायचा नाही.

खेळायचं कसं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॉलेजात तुम्ही फास्ट ब्रेकवाले असाल, पळत जाऊन, उडी मारून रिंगजवळून लेअप टाकणारे असाल, ते आता विसरा. तुमच्याकडे जे उरलंय आणि त्या एकोणीस वर्षांच्या पोरांकडे अजून नाहीये ते वापरा. स्क्रीन लावा, म्हणजे आपल्या माणसाला पकडणाऱ्याच्या वाटेत उभे राहा, नीट, पाय रोवून, हात छातीशी. रिबाऊंडला उडी मारायच्या आधी समोरच्या माणसाला पाठीने मागे अडवून धरा, बॉक्स आऊट आजकाल कोणी करतच नाही, ज्याला दोन फूट उडी आहे तो पण तुमच्या पाठीमागे अडकून पडतो आणि बॉल तुमच्या हातात टप्पा पडून येतो, फार मजा येते ह्यात. बोर्ड वापरा, ४५ अंशातून बोर्डवर मारलेला शॉट नवीन पोरांना दिसायला आवडत नाही पण जातो. डिफेन्सला तोंड चालू ठेवा, "स्क्रीन डावीकडे", "मी घेतो", "हेल्प आहे". सगळ्यात फास्ट पोराला मी पकडतो म्हणून पुढे होऊ नका. कोणी सुटून लेअपला गेला की मागून झेपावून ब्लॉक करायला जाऊ नका, तो पॉइंट देऊन टाका. घोटे, गुडघे, मनगटं, अर्धी दुखणी त्या एका झेपेतून येतात. आणि पोरं काका म्हणतील, अंकल म्हणतील, म्हणू दे.

लग्नातली अंगठी काढून ठेवायची. घरीच, कपाटात. रिंगच्या जाळीत किंवा कोणाच्या टीशर्टमध्ये अंगठी अडकली तर बोटाची सालपटं निघण्यापासून बोट जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, मॅचमध्ये पण दागिने घालून उतरू देत नाहीत ते उगाच नाही. अंगठी निघतच नसेल, बोट जाड झालं असेल, तर सोनाराकडून मोठी करून घ्या, बायकोला कारण सांगा, ती समजून घेते, उलट खूष होते की काढून कुठे ठेवली हे सांगतोय तरी.

बोटावर बॉल लागून बोट सुजलं की कोणीतरी हमखास येतो आणि "थांब ओढतो, सुटेल" म्हणतो. ओढू द्यायचं नाही. बर्फ, शेजारच्या बोटाला पट्टी, आणि बोटाचं टोक स्वतःहून सरळ होत नसेल, खाली वाकलेलं राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण टोकाची शीर तुटलेली असते आणि पट्टी लावून सहा-आठ आठवडे सरळ ठेवलं तरच जुळते, मध्ये एकदा वाकलं की मोजणी परत पहिल्यापासून. घोटा मुरगळला तर सोपं बघायचं, चार पावलं वजन टाकून चालता येतं का, आणि घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबलं तर कळ येते का. चालता येत नाही किंवा हाडावरच दुखतंय तर एक्स-रे. नाहीतर बर्फ, दाबून पट्टी, पाय वर, आणि एका पायावर उभं राहायचा सराव केल्याशिवाय परत खेळायचं नाही, नाहीतर तोच घोटा परत जातो.

आता घर. इथे माझं मत जरा कडक आहे. रविवारी सकाळी तीन तास गायब होऊन, दहा वाजता लंगडत घरी येऊन, सोफ्यावर पाय टाकून "चहा मिळेल का" विचारणारा माणूस जास्त दिवस खेळत नाही, आणि टिकत नाही त्याचं खापर बायकोवर फोडतो की घरचे सोडत नाहीत. घरच्यांना खेळण्याचा राग नसतो, त्यांना बेभरवशाचा राग असतो. आमच्यातल्या एकाच्या बायकोने त्याला सरळ सांगितलं होतं, "किती वाजता येणार ते सांग, आणि त्या वेळेला ये, मग कुठे जायचं तिथे जा." ह्याच्यापेक्षा चांगला नियम मला सापडलेला नाही. सहाला निघायचं, साडेआठला घरात, येताना भाजी-दूध, आणि त्यानंतरचा दिवस घराचा. खेळानंतरच्या कट्ट्यावर जास्त वेळ जातो, खेळात नाही, तिथे घड्याळ बघा. मुलांच्या परीक्षा, गणपती, आईची डोळ्यांची तपासणी असेल त्या रविवारी आधीच ग्रुपवर "नाही" टाकायचं, सकाळी सहाला नाही. आणि तिला पण तिचे तेवढेच तास हवेत, शनिवारी योगा असेल, मैत्रिणी असतील, काहीच न करणं असेल, तेव्हा घर तुमच्याकडे, फोन करून "डबा कुठे ठेवलाय" विचारायचं नाही.

मुलांना खेळवायचं असेल तर मोठ्या रिंगखाली ७ नंबरचा बॉल देऊन उभं करू नका. बारा वर्षांखालच्यांच्या मिनी बास्केटबॉलला रिंग २.६० मीटरवर असते आणि बॉल ५ नंबरचा, त्याचं कारण आहे, जड बॉल उंच फेकायला पोर कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावतं आणि तीच सवय लागते, नंतर सुटत नाही. मुलगी असेल तर अजून आवर्जून न्या, आपल्याकडे मुलींचं बास्केटबॉल चांगलंय, भारताच्या महिला टीमची कॅप्टन झालेली शिरीन लिमये पुण्याचीच. मुंबईवाले असाल तर नागपाड्याला मुलांना एकदा घेऊन जा, अब्बास मुंतसीर, अर्जुन अवॉर्ड मिळालेले, भारताचे कॅप्टन राहिलेले, तिथले, अजूनही तिथे छोट्याशा कोर्टवर पोरं जीव तोडून खेळतात. फक्त एक करा, पोरांची मॅच असली की बाप म्हणून बसा. लाईनीवरून "एल्बो आत! पास कर! अरे डावीकडे!" करणारे माजी खेळाडू बघवत नाहीत, पोरगं कोचकडे बघू की बापाकडे ह्यातच बॉल घालवतं. गाडीत घरी येताना पण मॅचचा विषय त्याने काढला तर काढायचा.

अजून वर जायचंय अशी खाज असेल तर मास्टर्सच्या, म्हणजे वय झालेल्या खेळाडूंच्या, टूर्नामेंट होतात, फिम्बा म्हणून जागतिक संघटना आहे, १९९१ मध्ये अर्जेंटिनात सुरू झाली, पुरुषांचे गट ३५ पासून पाच-पाच वर्षांचे. म्हणजे ५० चे झालात की त्या गटात तुम्ही एकदम बच्चे. जायच्या आधी निदान एक सीझन फुल कोर्ट खेळलेला पाहिजे, हाफ कोर्टवरून थेट तिकडे उडी नको.

पावसाळ्याचं शेवटी सांगतो कारण जूनमध्ये सगळी गाडी तिथेच घसरते. उघड्या कोर्टवर कोपऱ्यांत आणि रिंगखाली शेवाळ धरतं, वरून सुकलेलं वाटतं, पाय टाकला की जातो. पाऊस थांबलाय म्हणून उतरायचं नाही, आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, धुवायचं, सुकू द्यायचं, आणि हे सोसायटीच्या कमिटीकडून मे महिन्यातच मंजूर करून घ्यायचं, जुलैत अर्ज टाकलात तर गणपतीनंतर उत्तर येतं. तोपर्यंत जिना आहेच, पायरीवरचा व्यायाम बंद करायचा नाही, आणि ड्रिबलिंग खाली पार्किंगमध्ये करा, पण नऊच्या आत, नाहीतर पहिल्या मजल्यावरचे काका खाली येतात.